सहापैकी तीन

कागदावर आम्ही भाऊबहीण: सहापैकी तीन.
डॉक्टर एतेरी म्हणाली, बरंच आहे की,
सख्ख्यांचंही कधीकधी एकसुद्धा जुळत नाही.
जुळले ते तिन्ही आईकडचे.
बापाचं एक अर्धं नुगझारला गेलं, दुसरं मला.
म्हणजे वाटणी आमच्या जन्माआधीच झाली होती,
वकिलाचे पैसे उगाच गेले.

माझी डावी किडनी
त्याच्या उजव्या जांघेच्या वर बसवली, पुढच्या अंगाला,
खिशात ठेवावी तशी.
त्याच्या जुन्या दोन्ही राहिल्या मागे, जागच्या जागी,
सुकलेल्या जर्दाळूंसारख्या.
रक्त सोडल्याबरोबर ती मुतली,
एतेरीच्या हातमोज्यांवर.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे.
मी शेजारच्या खोलीत, भुलीत.

आमच्या राचात दार वाजलं
तर कोण म्हणून विचारत नाहीत.
आधी पाव, मग दारू, मग नाव.
बापाने तर वाट चुकलेले शिपाईही जेवू घातले,
कुठल्या सैन्यातले ते न विचारता.

शरीर आधी नाव विचारतं.

माझ्या बेकरीतल्या पावाच्या कागदावर
एतेरीने चित्र काढून दाखवलं:
छातीच्या हाडामागे एक शाळा असते,
लहानपणी गजबजलेली, पुढे ओस पडत जाते.
रक्तातल्या पोरांना तिथे एकच धडा: हे आपलं.
जी आपल्यांवरच हात उगारतात
त्यांना शाळेतच संपवतात.
शंभरातली दोनचार पास होतात,
तीच मग जन्मभर गस्त घालतात,
एकेका पेशीच्या दाराशी थांबून
तिने बाहेर धरलेला तुकडा चाचपत.
नुगझारच्या शाळेत
माझं नाव कुणी फळ्यावर लिहिलंच नव्हतं.

एकविसाव्या दिवशी क्रिएटिनिन
एक पॉइंट तीनवरून तीनवर.
ताप थोडाच. लघवी कमी.
हात ठेवला की दुखायचं तिथे.
सुईने शेवयाएवढा तुकडा काढला,
काचेखाली धरला: निळे ठिपके,
नळ्यांच्या भिंतींत घुसलेले.
नळ्या माझ्या, ठिपके त्याचे.

मी डोळा लावून पाहत राहिले.
किती मन लावून काम करत होते.
राग नव्हता त्यांना कुणाचा.
ह्यांनीच त्याला गोवरातून काढलेलं,
पायात घुसलेल्या गंजक्या खिळ्यातून,
आणि त्या हिवाळ्यातून, वीज नव्हती,
मी मेणबत्ती धरून त्याची छाती ऐकत बसायचे.
तेव्हाही हे आत होतेच, माझ्या कानाच्या बोटभर पलीकडे.

मळ्याच्या वाटणीत तो म्हणाला होता,
लग्न झालेली बहीण म्हणजे दुसऱ्याचं घर.
तेव्हा मी भांडले, रडले, दार आपटून गेले.
रक्तावर कुठलं दार आपटणार?

तीन दिवस शिरेतून स्टिरॉइड.
पहाऱ्याला पटवत नाहीत ते, पेंग आणतात.
मग गोळ्या, सकाळी आठ, रात्री आठ.
द्राक्षमळ्याच्या मालकाला वाइन बंद,
डाळिंबसुद्धा बंद.
आकडा उतरला. एक पॉइंट सहा.
पहिल्यासारखा नाही.

आता त्याचं शरीर बापाच्या घरासारखं झालंय.
कोणीही येतं.
मी आहे. सर्दी येते, महिनाभर मुक्काम करते.
तोंडात पांढरी बुरशी येऊन गेली.
नुगझार म्हणतो, त्सियाला, तुझ्यामागून सगळं गाव शिरलं.

काल पोराच्या वाढदिवसाला
तो पेला घेऊन उभा राहिला.
पेल्यात पाणी. आमच्यात पाण्याने शुभेच्छा देत नाहीत,
पण कुणी काही बोललं नाही.
आईसाठी बोलला. बापासाठी बोलला.
मग माझ्याकडे वळला, तोंड उघडलं,
आणि खिशातला फोन वाजला.
आठ.

सगळं टेबल गप्प झालं,
त्याच्या गिळण्याची वाट पाहत.